बाहेर गेलेले

कल्याण, ४ सप्टेंबर १८८७

विश्राम,

कराचीहून आलेल्या कार्डावर तू मला ‘आपण’ म्हटले आहेस. मी तसे लिहिणार नाही. तळ्याकाठच्या शाळेत एकाच मास्तरांच्या एकाच छडीचा मार खाल्लेल्या माणसांना हे शोभत नाही.

तुझी मागणी एका ओळीची आहे: ‘अहवालावरून माझे नाव काढावे.’ कारण दिलेले नाही. वकिलाकडे कारणाशिवाय अर्ज पाठवू नये. अर्ज नामंजूर.

अहवाल दोघांचा आहे. पाच वर्षे आपण ठाणे आणि कल्याण तालुक्यांत फिरलो. तू विचारायचास, मी लिहायचो. गाव आपला निर्णय कसा घेते? बैठक कोण बोलावतो, कोठे भरते, कोण बोलतो, शेवटी कौल काय, विरुद्ध किती? सरकार म्हणते, या लोकांना निवडणूक पेलणार नाही. त्यावर भाषणे पुष्कळ झाली. आकडे कोणी दिले नव्हते. ते आपण दिले. एकेचाळीस गावे, सात रकाने. सातवा रकाना ‘विरुद्ध’ असा आहे आणि त्यात वरपासून खालपर्यंत शून्ये आहेत. ते पान समोर धरले की मला ते एखाद्या स्वच्छ सारवलेल्या अंगणासारखे दिसते. जी गावे पिढ्यान्‌पिढ्या एकमताने चालतात, त्यांना लोकल बोर्डावर आपली माणसे निवडता येणार नाहीत असे कोण म्हणेल?

डिसेंबरात ठाण्याला परिषद ठरली आहे. चिटणीस मी. अहवाल पहिल्या दिवशी वाचायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर ठराव. सरकारी पाहुणे येतील. मुंबईचे पत्रकार येतील. तेव्हा मुखपृष्ठावर एकच नाव दिसले तर लोक विचारतील, दुसरा कोठे आहे? मी सध्या सांगतो, विश्रामला कराचीला चांगल्या पगाराची शाळा मिळाली. ते खोटे नाही.

अक्काला कार्ड वाचून दाखवले. ती म्हणाली, “तिथे जेवायला काय मिळतं ते विचार आधी. नावाचं बघू मग.” विचारले आहे असे समज.

तुझा (आणि ‘आपला’ मुळीच नव्हे),
हरिहर


कल्याण, ९ ऑक्टोबर १८८७

विश्राम,

परिषद भरवणे म्हणजे लग्न करणे, फक्त नवरा-नवरी नसतात आणि रुसणारे सगळे असतात. मासुंदा तळ्याच्या काठी मांडव घालायचा. बाके शाळेतून, सतरंज्या देवळातून, समया रावसाहेबांकडून. रावसाहेब आपले अध्यक्ष. पेन्शन घेतल्यावर मामलेदार जितका गोड बोलतो तितके गोड ते बोलतात. भिवंडीच्या मंडळींना उतरायला जागा हवी. त्यांना पनवेलच्या मंडळींशेजारी नको. का, ते कोणी सांगत नाही. मी मध्ये मुरबाडकरांना ठेवले. प्रश्न मिटला. माणसे कोठे बसवायची हे कळले की अर्धे राजकारण कळले, असे माझे मत आहे.

तुझे दुसरे कार्ड पोचले. ‘शहाडचे शून्य मी लिहिले होते. ते खोटे आहे. महिपत पाटलाला विचारू नकोस. बैठकीत जाऊन बस, शेवटपर्यंत.’

शहाडला मी नव्हतो, हे खरे. मला ताप होता आणि तू एकटा गेलास. पण आपली रीत सगळीकडे एकच होती. बैठक झाली की पाटलाला गाठायचे आणि प्रश्नांचा कागद पुढे ठेवायचा. चालू बैठकीत परक्याने बसू नये, हे तूच मला शिकवलेस. आता उलटे सांगतोस.

जाईन. शून्य खरे निघेल आणि मी तुला तसे कळवीन. मग नावाचा विषय बंद.

छापखान्याला मी सातव्या रकान्यासाठी शून्याचे मोठे खिळे वापरायला सांगितले आहेत. लांबूनही दिसले पाहिजेत.

हरिहर


कल्याण, ६ नोव्हेंबर १८८७

विश्राम,

शहाडला जाऊन आलो.

गावदेवीपुढे बैठक होती. प्रश्न गवताचा. माळ पौषापर्यंत गुरांना बंद ठेवायचा की नाही? बंद ठेवला तर गवत पुरते, साठवता येते. उघडा ठेवला तर ज्यांना स्वतःचे रान नाही त्यांची गुरे जगतात. महिपत पाटील बंद ठेवण्याच्या बाजूचा. बहुतेक सगळे तसेच. धाकू नावाचा एक उंच, वाळका माणूस नाही म्हणत होता. चांगला बोलत होता. त्याचे उत्तर कोणी देत नव्हते आणि त्याला गप्पही कोणी करत नव्हते. मी मनात म्हटले, आता हात वर करायला सांगतील आणि विश्राम खरा ठरेल.

तसे झाले नाही. धाकू बोलायचा थांबला. सगळे थांबले. कोणीतरी चिलीम झाडली. मग धाकू उठला, खांद्यावरचे फडके सारखे केले आणि म्हणाला, “जरा गुरां बघून येतू.”

तो गेला. पाटलाने तो देवळामागे दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, “सगल्यांना कबूल?”

“कबूल.”

धाकू लगेच परत आला. कोणी त्याला जागा करून दिली, कोणी चिलीम दिली. गुरे कशी आहेत असे कोणीच विचारले नाही.

मी पाटलाला बाजूला घेतले. म्हटले, “धाकू विरुद्ध आहे ना?”

“कंचा धाकू?”

“हा. आत्ता बोलत होता तो.”

“कबूल म्हनताना तो हितं व्हता का, सायेब? नसलेला मानूस विरुद्ध कसा जाईल?”

मी म्हटले, हे बरोबर नाही. तो हसला.

“तुमचे कल्यानान विरुद्ध मानूस काय करतं?”

“हात वर करतो.”

“सगल्यांसमोर?”

“हो.”

“मंग दुसरे दिशी त्याचे घरा चुलीला इस्तू कोन देल? पंगतीला कोन बोलवल?”

मी छत्री उघडली आणि निघालो, पण ते तू मनावर घेऊ नकोस. ऊन फार होते.

परतताना धाकू नदीपर्यंत सोबत आला. त्याला विचारले, मनातून मान्य आहे का? म्हणाला, “मी गेलू भायेर, संपला. पन माजी म्हस कुठं गेली भायेर? तिचा पोट हितंच हाय.”

तेव्हा शहाडचे शून्य खोटे. तू जिंकलास. पण विश्राम, तुझ्या लक्षात येते आहे का, हे काय सापडले आहे? आपण आठवा रकाना आखायचा विसरलो होतो: ‘बाहेर गेलेले’. मी उद्यापासून पुन्हा फिरायला लागतो. छापखान्याला थांबायला लिहिले आहे.

हरिहर


कल्याण, २७ नोव्हेंबर १८८७

विश्राम,

तीन आठवड्यांत इतके चाललो की चांभाराने मला ओळखीची सलामी दिली. सगळी गावे झाली नाहीत, पण एकवीस झाली आणि एकही मला खोटे पाडत नाही.

सगळीकडे माणसे बाहेर जातात. निमित्त गावागणिक वेगळे. माजिवड्याला मिठागरवाले आहेत; तेथे विरुद्ध असलेला माणूस “भरती चढली का बघून येतो” म्हणतो, ओहोटी असली तरी. डोंबिवलीला विहिरीवर जातात. कल्याणच्या बाजारात तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीला बसलो. तेथे शेठ “दुकानात गिऱ्हाईक आलं वाटतं” म्हणून उठतात. एका बैठकीत पाच शेठ उठले. एवढे गिऱ्हाईक असते तर बैठकच भरली नसती.

निमित्त कोणी नवे काढत नाही. ठरलेलेच वापरतात, कारण ठरलेले असले की सगळ्यांना कळते. हे भांडण टाळणे नव्हे, ही भांडण करायची रीत आहे. आपली शून्ये रिकामी नव्हती, विश्राम. त्यांच्या आत माणसे होती. आता अहवाल पहिल्यापेक्षा दसपट चांगला झाला. ज्या गावाला नाही म्हणायची इतकी बारीक रीत ठाऊक आहे त्याला निवडणूक शिकवावी लागणार नाही. फक्त दार लावून घ्यावे लागेल.

हे सगळे मी काल जेवताना अक्काला सांगत होतो. ती वाढत होती. म्हणाली, “आणि आपल्या ओसरीवर काय म्हणतात रे?”

“आपल्या ओसरीवर कोण काय म्हणणार?”

“विश्राम तपकीर आणायला गेला होता ना, मार्चात.”

मी म्हटले, गेला असेल.

“त्याने जन्मात तपकीर ओढली नाही. लहानपणी वासानेच शिंकायचा. भात घे.”

भात चांगला होता. अक्का आता आमटी पूर्वीसारखी तिखट करत नाही.

मार्चातल्या त्या बैठकीची नोंद मी आज काढून पाहिली. ‘परिषदेत सही करता येणाऱ्यांनीच बसावे, असे सर्वानुमते ठरले.’ अक्षर माझे आहे. ठीक आले आहे.

हरिहर


कल्याण, १५ डिसेंबर १८८७

विश्राम,

काल माझ्या ओसरीवर कमिटीची शेवटची बैठक झाली. ती तुला शब्दशः कळवतो, कारण तुला तेथे असायला हवे होते.

अहवालाचे कच्चे छापील कागद सगळ्यांपुढे होते. रावसाहेबांनी चष्मा पुसला, वाचले, पुन्हा पुसला.

“हरिहरपंत, पहिली शून्ये फार छान होती हो. गोंडस होती.”

“खोटी होती, रावसाहेब.”

“अहो, खोटी कशी? त्या त्या पाटलाने सांगितलेलीच ना? आता हा आठवा रकाना वाचून साहेब काय म्हणतील? म्हणतील, बघा, यांच्यात फूट आहे.”

“साहेबांच्या पार्लमेंटात याहून जास्त फूट आहे. ते ती मोजतात आणि छापतात.”

कोणी हसले. मग रावसाहेबांचे बोट पानाच्या तळाशी गेले.

“ही शेवटची ओळ कसली? ‘कल्याण, वकिलांची ओसरी. विषय: परिषदेत कोणी बसावे. कौल: सर्वानुमते. बाहेर गेलेले: एक. निमित्त: तपकीर.’ ही कुठली बैठक?”

“ही आपली.”

माझ्याखेरीज कमिटीत रावसाहेब धरून सात माणसे होती. सातही जण जाजमाकडे पाहू लागले.

“आपण काय आगऱ्या-कोळ्यांच्या तक्त्यात बसायचं?” एकजण म्हणाला.

मी म्हटले, “रकाने तेच आहेत. बसतो आहोत.”

बरीच चर्चा झाली. ती सगळी लिहीत नाही. आठवा रकाना गाळावा आणि शेवटची ओळ तर गाळावीच, असे सगळ्यांचे मत होते. मी नाही म्हणत होतो. माझे उत्तर कोणी देत नव्हते आणि मला गप्पही कोणी करत नव्हते. मग सगळे थांबले. अडकित्त्याचा आवाजही थांबला.

रावसाहेब इतके प्रेमाने बोलले की मला त्यांच्यावर रागवता आले नाही. म्हणाले, “हरिहरपंत, सकाळपासून कामात आहात. जरा पाय मोकळे करून येता का? हवा छान पडली आहे.”

विश्राम, दार समोर होते. ते तेव्हा किती रुंद दिसते, हे तुला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते. वाटले, उठावे. परत आलो की विडा पुढे करतील, परिषदेच्या गोष्टी निघतील, चिटणीस मीच राहीन. कोणी कोणाचे काही वाईट करत नव्हते.

मी म्हटले, “माझे पाय मोकळेच आहेत, रावसाहेब. आपण मत घ्या.”

त्यांना मत घेता येईना. आजवर कोणी घेतलेच नव्हते. रावसाहेबांनी “सगळ्यांना कबूल?” असे विचारले, तेव्हा मी समोर बसलेला होतो. सहाजण कबूल म्हणाले आणि लगेच माझ्याकडे पाहिले, जणू मी काही सांडले होते. मी हात वर केला. हात वर केल्यावर तो खाली कधी आणायचा हेही कोणाला माहीत नव्हते. मी बराच वेळ तसाच बसलो.

नोंद मी लिहिली: ‘विरुद्ध एक: हरिहर.’ रावसाहेब म्हणाले, अशा नोंदीवर मी सही करणार नाही. मी म्हटले, मग ती बिनसहीची राहील.

निकाल असा: अहवाल परिषदेत वाचला जाणार नाही. चिटणीसपद दुसऱ्याला. मांडव, पाणी आणि पंगत मात्र माझ्याकडेच ठेवली, कारण ते काम कोणाला नको होते.

अक्का आतून ऐकत होती. सगळे गेल्यावर बाहेर आली आणि जाजम झटकत म्हणाली, “उद्यापासून यांच्याकडून विस्तव आणायचा नाही. माझ्याकडे आगकाड्या आहेत.”

मी खचलो आहे असे समजू नकोस. मांडव माझ्याकडे आहे.

हरिहर


ठाणे, ३० डिसेंबर १८८७

विश्राम,

परिषद झाली. मांडव पडला नाही, जेवण कमी पडले नाही आणि भिवंडी-पनवेल एकमेकांना भेटले नाहीत.

आता माझी व्यवस्था ऐक.

पाण्याचे रांजण मी मांडवाच्या आत ठेवले. दर चार बाकांमागे एक तांब्या. पानाची तबके आत. पिकदाण्या आत. तपकिरीच्या डब्या बाकांवर, उघड्या. तळ्याची बाजू कनातीने बंद. टांगेवाल्यांना देवळापलीकडे उभे केले, म्हणजे कोणाला आपली गाडी आली असे वाटू नये. दार एकच ठेवले आणि त्यात मी उभा राहिलो, पाहुण्यांचे स्वागत करायला.

शहाडहून महिपत आणि धाकूला मी बोलावले होते. सही करता येत नसलेल्यांनी परिषदेत बसायचे नाही. पण प्रेक्षकाला सही लागते असे कोठे लिहिलेले नव्हते. त्यांना मागच्या बाकावर बसवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठराव आला. लोकल बोर्डावर निवडून जाणारा माणूस सही करता येणाऱ्यांपैकीच असावा. भाषणे झाली. मग ती शांतता आली, जी तू, मी आणि शहाड ओळखतो. तिसऱ्या रांगेतले एक पेणकर वकील उठले आणि दाराकडे आले.

“जरा पाणी पिऊन येतो.”

“आपण बसा. पाणी आणवतो.” मी तांब्या पुढे केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पाणी प्यायले. दुसरे एक शहापूरचे मास्तर पान खायला निघाले होते. त्यांना तबक नेऊन दिले. तिसऱ्याने तपकीर मागितली. ती त्याच्या मांडीजवळच होती.

तिघेही परत बसले. आता ते बसले आहेत हे सगळ्यांना दिसत होते.

रावसाहेबांनी विचारले, “सर्वानुमते?”

दारातून पहिला हात मी वर केला. मग पेणकर वकिलांचा, पाण्याने ओला. मग मास्तरांचा. मग आणखी चार, ज्यांना मी ओळखत नव्हतो. नवे चिटणीस लेखणी धरून बसले होते. रावसाहेबांनी कपाळ पुसले, सरकारी पाहुण्यांकडे पाहिले. पाहुणे हात मोजत होते, त्यांच्या सवयीप्रमाणे. मग रावसाहेब म्हणाले, “लिहा. विरुद्ध सात.”

ठराव मंजूर झाला. आपण हरलो, हे स्पष्ट लिहितो. पण हरलेल्यांचा आकडा कागदावर आहे आणि तो शून्य नाही.

धाकू हे सगळे मान पुढे काढून पाहत होता. बाहेर आल्यावर त्याने मला गाठले. “आता या सातांना जेवाय घालतील?”

“पंगत माझी आहे.”

त्याचा विश्वास बसला नाही. पंगत बसली तेव्हा तो दाराशी उभा राहून पाहत राहिला. रावसाहेबांच्या डाव्या हाताला मी पेणकर वकिलांना बसवले होते. रावसाहेबांनी एकदा मान वर करून मला शोधले. मग वकिलांच्या पानाकडे पाहिले आणि वाढप्याला हाक मारली, “अरे, यांना तूप.”

धाकू महिपतकडे वळून म्हणाला, “वाढला.” महिपत म्हणाला, “शेरगाव हाय. आपले हितं बघू.” दोघेही भांडत स्टेशनाकडे गेले. पुढल्या बैठकीत शहाडला काय होते ते मी पाहणार आहे.

आता अहवालाचे. तो मीच छापवतो आहे. आठव्या रकान्यासह, शेवटच्या ओळीसह. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. तुझे पहिले, कारण ती शंका तुझी होती. तू कार्डावर पुन्हा तेच लिहिशील, नाव काढावे. आधीच सांगतो, कराचीहून आलेले मत मी धरत नाही. नसलेला माणूस विरुद्ध कसा जाईल? तुला विरुद्ध मत द्यायचे असेल तर ओसरीवर ये, माझ्यासमोर बस आणि हात वर कर. मी मोजीन. मग आपण जेवू.

अक्काने तुझ्यासाठी जागा झाडून ठेवली आहे, दारापासून लांबची, आतल्या भिंतीची. ती म्हणते, आगबोट दर आठवड्याला सुटते आणि तपकिरीला इतका वेळ लागत नाही.

तू ती आणायला गेला आहेस. घेऊन ये.

हरिहर